गप्प बसलेला पेशंट बरा झालेला नसतो

माननीय आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ यांस,

स. न. वि. वि.

आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. माझा धाकटा भाऊ १९ वर्षं स्किझोफ्रेनियाचा पेशंट आहे. सुरुवातीला त्याला आवाज ऐकू यायचे. शेजारचे पाळत ठेवतात म्हणून त्याने खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. तेव्हा अख्खा वाडा धावून यायचा. गोळ्या लागू पडल्या, आवाज थांबले आणि सगळे म्हणाले, सुटलात.

सुटलो नाही. सकाळी चहाचा कप हातात दिला, तर साय धरेपर्यंत तो तसाच बसून असतो. "पी रे" म्हटलं की पितो. आंघोळीला पाठवलं तर बादली भरून वाहते आणि हा नळाकडे बघत उभा. पूर्वी गणपतीचं मखर एकटा करायचा. यंदा आरतीलाही बाहेर आला नाही. लोक याला आळस म्हणतात. आईसुद्धा म्हणायची. पण हा आजारच आहे. भास, संशय ही डॉक्टरांच्या भाषेत 'पॉझिटिव्ह' लक्षणं, म्हणजे नसायला हवं ते असणं. इच्छा, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, माणसांची ओढ आटणं ही 'निगेटिव्ह'. मेंदूतल्या डोपामीन या रसायनाला आवर घालणाऱ्या गोळ्या पहिल्या लक्षणांवर चालतात, दुसऱ्यांवर फारशा नाहीत.

ओपीडीत मात्र दर महिन्याला एकच प्रश्न: आवाज येतात का? नाही. त्याच गोळ्या, पुढचा पेशंट. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेलो, तर टेबलापलीकडून ऐकलं, "ये तो शांत बैठे हैं, इनको क्या तकलीफ है?"

साहेब, मानसिक आजाराचं अपंगत्व मोजायची आपल्या देशाची 'आयडियाज' ही मोजपट्टी स्वतःची काळजी, नातीगोती, संवाद आणि काम यांबद्दल विचारते. म्हणजे नेमकं तेच, जे माझ्या भावाचं आटलंय. ती घरच्यांना विचारून, वेळ देऊन भरली जावी, एवढा आदेश काढा. सवलतींसाठी लागणारी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट त्यावर ठरते, शांत बसण्यावर नाही.

दुसरं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजात राहून पुनर्वसनाची सोय करणं सरकारवर टाकलंय. आमच्या आवाक्यातलं, बसने जाता येईल असं डे-केअर केंद्र हवं: रोज हाक मारून कामाला बसवणारं, दोन शब्द बोलायला लावणारं. या लक्षणांवर गोळीपेक्षा असा रोजचा सराव जास्त उपयोगी पडतो.

मी नोकरीवर असते तेव्हा त्याला "पी रे" म्हणणारी आमची आई आता ७४ वर्षांची आहे.

कळावे,
एक बहीण, रामबाग, इंदूर