सूचना : मजुरीवर फवारणी करू पाहणाऱ्या सभासदांसाठी

सभासद बंधू-भगिनींनो, स्वतःची बागायत सांभाळून शेजाऱ्यांच्या काजू-पोफळीवर फवारणीची कामे घेण्याचा विचार आपल्या सत्तरी तालुक्यातले काहीजण करत आहेत. जरूर करा. पोफळीवर चढणारे पाडेली आता शोधून सापडत नाहीत, त्यामुळे कामाला तोटा नाही.

पण एक अडचण आधीच ओळखा. कोळेरोगाची (पावसात सुपारी कुजवून गाळणाऱ्या बुरशीच्या रोगाची) पहिली फवारणी पाऊस धरण्यापूर्वी सगळ्यांना एकाच वेळी हवी असते, तुमच्या स्वतःच्या कुळागरालाही (पोफळीच्या बागेलाही). दुसरी साधारण 40 ते 45 दिवसांनी, तीही उघडीप मिळाली तरच. म्हणून झेपतील तेवढीच कुळागरे घ्या. शब्द देऊन न जाणे म्हणजे त्या माणसाची सुपारी गळणे.

कोळेरोगावरचे बोर्डो मिश्रण त्याच दिवशी बनवून त्याच दिवशी संपवा: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. भांडे प्लास्टिकचे. घासलेला कोयता मिश्रणात बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला.

काजूच्या मोहोरावर ‘ढेकण्या’ या रस शोषणाऱ्या किडीसाठी फवारताना सकाळी मधमाश्या असतात, संध्याकाळ गाठा. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, धुऊनही दुसऱ्या कामाला वापरू नका. मोजमाप, औषधाचे नाव आणि तारीख वहीत लिहून मालकाची सही घ्या. हातमोजे, मास्क यांचा खर्च दरातच धरा.

इच्छुकांनी येत्या मासिक बैठकीत नावे द्यावीत. दर ड्रमावर की झाडावर, हे तिथे एकत्र ठरवू.