मनू, नळ हवा पण सिंक नको

प्रिय मनू,

परवा फोनवर तू विचारलंस, आई, तुम्ही घरी बांधताय त्या कँपिंगच्या ट्रेलरला सिंक घेऊ का नको, आणि मी पटकन घे की म्हणून मोकळी झाले. पण फोन ठेवल्यावर मला चैनच पडेना. दोन दिवस भांडी घासताना डोक्यात तेच. बाबांनाही कामाला लावलं, ते तर तीस वर्षं पाणीपुरवठ्यातच होते, त्यांनी लगेच वही काढली. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय, व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडे तुकडे पाठवले तर काहीतरी राहून जातं. शनिवारी प्लायवूड कापायच्या आधी वाच आणि रोहनलाही वाचून दाखव. एकदा ओट्याला भोक पाडलं की ते बुजवता येत नाही गं.

आधी माझं मत सांगते, मग कारणं. ट्रेलरला नळ हवा. सिंक नको. आपण घरात दोन्ही एकाच जागी बघतो म्हणून ते एकच वाटतं, पण नळ पाणी आणतो आणि सिंक पाणी नेतं, आणि तुमच्या त्या पाच फूट बाय आठ फुटाच्या गाडीत आणणं सोपं आहे, नेणं अवघड आहे.

२०२३ च्या जूनमध्ये आपण तिकडे कोलोरॅडोत ग्रेट सँड ड्यून्सच्या नॅशनल पार्कात गेलो होतो ते आठव. भाड्याचा तो टिअरड्रॉप, थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर, मागचं झाकण वर उचललं की आख्खं स्वयंपाकघर उघडायचं, मला तर बघूनच केवढा आनंद झाला होता. त्यात सिंक होतं. पहिल्या दिवशी मी म्हटलंसुद्धा, वा, कसली सोय आहे. आणि मग संध्याकाळी वरण-भाताचा कुकर धुवायला घेतला तर तो आत मावेचना! आडवा घाला, तिरका घाला, हँडल अडकायचं, तळ अर्धा बाहेर. सिंकची खोली जेमतेम माझ्या वितेएवढी. नळ उघडला की पाणी कुकरच्या कडेवर आपटून माझ्या पोटावर. शेवटी रोहनने प्लास्टिकचा टब आणला आणि चारही दिवस भांडी त्या टबातच धुतली. सिंकमध्ये काय होतं सांगू? तुमचे चार्जर, चिऊची टोपी, चिप्सची पाकिटं आणि कांदे.

आणि तिसऱ्या दिवशीचा वास! सकाळी चहा टाकायला झाकण उघडलं तर आंबलेल्या वरणाचा भपकारा. थोडंफार जे काही सिंकमध्ये ओतलं होतं ते खाली छोट्या टाकीत जाऊन बसलं होतं आणि दिवसभर उन्हात तापलं होतं. बाबा गुडघ्यावर बसून खाली वाकून बघत होते आठवतंय ना, पाइप सरळ टाकीत गेला होता, ट्रॅपच नव्हता. आपल्या घरच्या बेसिनखाली तो वाकडा पाइप असतो ना, त्यात कायम थोडं पाणी अडकून राहतं आणि तेच पाणी खालचा वास वर येऊ देत नाही. तो वाक द्यायचा तर खाली उंची लागते, टाकीला हवा जायला वेगळी नळी लागते, आणि एवढ्याशा गाडीत ती उंची आणायची कुठून. बाबा म्हणतात, सिंक घेणार असाल तर ट्रॅपशिवाय घेऊच नका. पण ट्रॅप बसवला की एक आख्खं कपाट गेलं समज.

आता जागेचं बोलू, कारण मला सगळ्यात जास्त तेच खुपतंय. तू पाठवलेल्या चित्रात ओटा ५८ इंचाचा आहे. दोन बर्नरचा स्टोव्ह ठेवला की २२ इंच गेले. राहिले ३६. त्यात १५ इंचाचं सिंक बसवलंस तर उरले २१, म्हणजे एक पोळपाट आणि त्याच्या शेजारी पिठाचा डबा, संपलं. कांदा कुठे चिरणार? चिऊचं ताट कुठे वाढणार? तुझ्या तिथल्या मैत्रिणी कँपिंगला बर्गर भाजतात, कागदी प्लेटा घेतात, त्यांचं सिंकवर भागत असेल. तुला पिठलं लागतं, रोहनला गरम फुलका लागतो. आपल्या स्वयंपाकाला ओटा लागतो मनू, मोकळा, सपाट, कोपरापर्यंत हात पसरता येईल असा. आणि सिंकच्या खालची जागा धर, पंप, टाकी, पाइप, दुसरी टाकी. तिथे तुझे डाळ-तांदळाचे डबे बसले असते.

वजनाचं बाबा सांगतायत ते जसंच्या तसं लिहिते. पाण्याच्या एका लिटरला एक किलो. तुमच्याकडच्या पाच गॅलनचे १९ लिटर होतात, म्हणजे १९ किलो, आणि धुऊन झालं की तेच पाणी दुसऱ्या टाकीत, वजन आहे तिथेच. हे सगळं चाकाच्या मागे. गाडीला जोडतो त्या टोकावर ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हवा म्हणतात, नाहीतर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. तुमचं स्वयंपाकघर मागे, कूलर मागे, स्टोव्ह मागे, आणि त्यात पाणीही मागे. बाबांच्या भाषेत गाडी उलाळ होते, बैलगाडीत मागे जास्त पोती टाकली की जू वर उचललं जातं तसंच. आजोबांच्या गाडीचं बघितलंय त्यांनी लहानपणी. तर पाणी कॅनमध्ये ठेवा आणि प्रवासात तो कॅन चाकाच्या पुढे, आतल्या गादीजवळ. मुक्कामाला पोचलं की मागे आणायचा. आणि एकच मोठा कॅन घेऊ नकोस, २६ लिटरचा भरलेला कॅन उचलताना तुझ्या कंबरेचं परत काहीतरी होईल, १० लिटरचे दोन घे.

आता सांडपाण्याचं. तुमच्याकडे नॅशनल पार्कात ट्रेलरचं पाणी जमिनीवर सोडता येत नाही, ठरवून दिलेल्या जागीच रिकामं करायचं, आणि सार्वजनिक नळाखाली भांडीही धुवायची नाहीत, त्यासाठी वेगळी जागा केली असेल तरच. मला तिथे गेल्यावर हे माहीतच नव्हतं, मी सरळ ताटं घेऊन नळाकडे निघाले होते आणि तू धावत आलीस. नियम मला पटला, कारण खरकटं कुठेही पडलं की वास सुटतो आणि तिथे अस्वलं येतात. खाण्याचं सगळं लोखंडी पेटीत कुलूपबंद ठेवायचं आणि सिंकखालच्या टाकीत मात्र वरणाचं पाणी तसंच रात्रभर, याला काय अर्थ आहे? बादली असली की रात्री झोपायच्या आधी नेऊन रिकामी करता येते, जिथे सांगितलंय तिथे. आणि तुम्ही त्या नॅशनल फॉरेस्टमध्ये जाता जिथे काहीच सोय नसते, तिथे पाणी गाळून घ्यायचं, गाळ पिशवीत भरून घरी आणायचा, आणि उरलेलं ओढ्यापासून २०० फूट लांब नेऊन पसरून टाकायचं, हे तूच मला शिकवलंस. टाकी उचलून २०० फूट नेता येते का? बादली येते.

आता ही रीत नीट वाच, मी उगाच सांगत नाहीये, स्वतः केलंय. २०१७ ला मी वारीत चालले तेव्हा वाल्ह्याच्या मुक्कामी दिंडीची भांडी घासायला आम्ही पाचजणी होतो, टँकरमध्ये पाणी मोजकंच. मोठाली पातेली, त्यांना भाताची खरवड. कुणी नळ सोडून घासत नव्हतं. आधी प्रत्येक भांडं कोरडंच निपटून घ्यायचं, हाताने, भाकरीच्या तुकड्याने, कागदाने, कशानेही, पण अन्नाचा कण राहता कामा नये. मग घासायचं. मग एका घमेल्यात पहिलं पाणी, त्यात बुचकळायचं. दुसऱ्या घमेल्यात स्वच्छ पाणी, त्यात विसळायचं आणि उपडं घालायचं. पहिलं घमेलं गढूळ झालं की ते फेकायचं, दुसरं त्याच्या जागी यायचं, आणि नवीन पाणी फक्त दुसऱ्यात. म्हणजे प्रत्येक पाणी दोनदा वापरलं जातं. आमच्यातल्या एक आजी पंच्याहत्तरीच्या होत्या, त्यांचा हात असा चालायचा की घमेल्याबाहेर थेंब उडत नव्हता. पहिलं पाणी कितीही पिवळं दिसलं तरी त्या पातेल्याला अंगठा घासून बघायच्या, चिकट लागलं की परत मागे.

काल मी घरी हे मोजून बघितलं. बाबांनी ओट्याखालचा पाइप काढून बादली लावली. तिघांच्या जेवणाची भांडी नळाखाली नेहमीसारखी धुतली तर चौदा लिटर पाणी गेलं, आणि मी मुद्दाम सोडलं नव्हतं हं, रोज जसं धुते तसंच. रात्री तेवढीच भांडी निपटून दोन घमेल्यांत धुतली तर पाच लिटरला थोडं कमी. तुमचा पाच गॅलनचा एक कॅन म्हणजे एक वेळची भांडी की दोन दिवसांची, एवढा फरक आहे हा. भांडी कमी स्वच्छ झाली का म्हणशील तर नाही, ताटाला नख लावून बघितलं.

मग नळ कशाला हवा? हातासाठी. भांडी दिवसातून दोनदा धुतो आपण, हात वीस वेळा. चिऊ वाळूत लोळून आली, ओढ्यात खेळून आली, संडासला जाऊन आली, आणि तसाच हात बिस्किटाच्या पुड्यात. तिथे बाटलीतून पाणी ओतायला दुसरं माणूस लागायचं, तू पोळ्या करत असायचीस, रोहन तंबूच्या दोऱ्यांशी, म्हणून मग पुसून काढायचो ओल्या कागदाने, ते काय धुणं आहे का? म्हणून एक नळ असा हवा की मूल एकटं जाऊन हात धुवेल. आपल्याकडे वीस लिटरच्या जारवर ते बटणाचं चार्जिंगचं पंप लावतात ना, आपल्याच स्वयंपाकघरात आहे, चिऊ इथे आली होती तेव्हा दिवसभर तेच दाबत होती, तसलं तिथेही मिळतं. तेच कॅनला लाव. वायरिंग नको, वेगळी मोटर नको, बिघडलं तर दुसरं आणायचं.

आणि ते बाहेरच्या बाजूला लाव. बाबांनी काढलंय चित्र, फोटो पाठवते. ट्रेलरच्या कडेच्या भिंतीला एक घडीची फळी, खाली दोन पितळी बिजागऱ्या आणि साखळी, प्रवासात मिटून भिंतीला चिकटेल. फळीवर घमेलं बसेल एवढं गोल भोक, घमेल्याची कड त्यावर टेकेल. खाली बादली. तुझ्या कंबरेच्या उंचीवर ठेव, वाकून धुवायचं म्हणजे पाठ जाते, चिऊसाठी खाली स्टूल दे. पाणी उडालं तरी बाहेर उडेल, ओट्यावर पीठ पडलेलं असतं ते भिजणार नाही.

थंडीचं विसरू नकोस. तुम्ही सप्टेंबरातही डोंगरात जाता आणि रात्री शून्याखाली जातं. पाइपात पाणी राहिलं तर गोठून पाइप फुटतो, पंपाचंही तेच, त्यासाठी तिथे लोक दर हिवाळ्याला सगळं रिकामं करून तो न गोठणारा गुलाबी द्राव भरतात. कॅन असेल तर रात्री आत पायापाशी घ्यायचा आणि पंप पांघरुणाखाली, बस.

रोहनचं म्हणणं मला कळतं. सिंक असलं की घरासारखं वाटतं, आणि उद्या विकायचा झाला तर घेणारा आधी सिंक आहे का विचारतो. त्याला राग येऊ देऊ नकोस, मुलगा हौसेने करतोय सगळं. पण त्याला हे विचार, तुमच्या गाडीत सिंक आत नाहीये, ते मागच्या झाकणाखाली बाहेर आहे. रात्री दोनला चिऊला उलटी झाली तर दार उघडून बूट घालून थंडीत बाहेर जावंच लागणार, सिंक असो नसो. त्यासाठी आत उशाशी पाच लिटरची बाटली आणि एक छोटं पातेलं हवं. पुढे कधी उभं राहता येईल असा मोठा ट्रेलर घेतलात, महिना महिना फिरायला लागलात, तर जरूर सिंक घ्या, खोल घ्या, कुकर मावेल असं घ्या, मी स्वतः येऊन बसवताना बघेन. या गाडीत नको. फार तर ओट्याखाली त्या जागेची चौकट आत्ताच ठोकून ठेवा म्हणजे नंतर वाटलंच तर कापता येईल, कापायचं मात्र आत्ता नाही.

समोरच्या वहिनी १८ तारखेला डेन्व्हरला लेकाकडे निघाल्यात, त्यांच्याबरोबर दोन स्टीलची घमेली देतेय. प्लास्टिकला हळद धरते आणि तेल सुटत नाही, स्टीलच हवं. काल बाजारात चार दुकानं फिरून जाड बुडाची मिळाली, कडा वळवलेल्या आहेत, हाताला लागत नाहीत. एकात एक बसतात, आत तुझे मसाल्याचे डबे भरून देते. बाहेरच्या कडेचा व्यास साडेतेरा इंच आणि कडेखालचा तेरा, बाबांनी दोनदा मोजलाय. फळीचं भोक सव्वातेराचं काप.

तुझी,
आई