फायबर आहे, वाटप कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लीज्ड लाइनवरचा, म्हणजे कंपन्या भाड्याने घेतात त्या स्वतंत्र डेटा-लाइनवरचा, तुमच्या पेपरातला लेख वाचला. बँडविड्थ पुरत नाही म्हणजे अजून फायबर टाका, असा एकूण सूर दिसला. मी ट्रान्समिशनमध्ये (अशा लाइनींवरून डेटा पोचवायच्या) काम करतो म्हणून लिहितोय, दरवेळी केबलच कमी असते असं नाही हो, बऱ्याचदा आहे तीच नीट वाटलेली नसते.

ओटीएन म्हणजे फायबरवरून डेटा वाहून नेणारं नेटवर्क, त्यावर १०० जीच्या (जी म्हणजे सेकंदाला एक गिगाबिट) एका लाइनीत १.२५ जीचे ८० स्लॉट, म्हणजे कप्पे, असतात. पूर्वी कस्टमरने ३ जीचं इथरनेट कनेक्शन मागितलं तर त्या मापाचा डबाच नसायचा, अडीच जीचा लहान पडायचा मग सरळ १० जीचा द्यायचा, म्हणजे ८ स्लॉट गेले आणि त्यातले ५ नुसतेच अडकले. २००९ मध्ये आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने ओडीयूफ्लेक्स, म्हणजे हवे तेवढेच स्लॉट घेणारा डबा, आणला, आता तेच काम ३ स्लॉटात होतं. पुढे २०११ ला त्यांचंच जी.७०४४ नावाचं स्टँडर्ड आलं, त्यात तर चालू सर्किटचे स्लॉट वाढवता-घटवता येतात, तेही ट्रॅफिक न तोडता.

अर्थात वाटेतल्या प्रत्येक नोडच्या (जोडठिकाणच्या यंत्राच्या) कार्डाला, म्हणजे त्यातल्या सर्किट-बोर्डाला, हे जमायला लागतं आणि प्रत्येक टप्प्यावर स्लॉट रिकामे लागतात. समजा मुंबई-हैदराबाद सर्किट आहे आणि मधे सोलापूरला एकच जुनं कार्ड बसलंय, की झालं, पुढचं सगळं मॅन्युअल आणि रात्रीचं डाउनटाइम घ्या.

पण कार्डं बदलली तरी रेटकार्ड, म्हणजे कंपनीचं दरपत्रक, तेच राहतं ना! एखाद्या बँकेला दिवसा २ जी पुरतात, रात्री डीआर साइटला (संकटासाठी ठेवलेल्या दुसऱ्या डेटा सेंटरला) बॅकअप टाकताना ८ लागतात. मग एकतर चोवीस तास १० जीचं भाडं भरा नाहीतर बॅकअप सकाळपर्यंत रखडू द्या. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१४ ला लीज्ड सर्किटचे कमाल दर ठरवले तेही ई-१, डीएस-३, एसटीएम-१, एसटीएम-४ असे ठरलेल्या मापांचेच. तासावर किंवा स्लॉटवर दर का नको, हे कुणीतरी विचारायला पायजे की नाही?

तर पुढच्या लेखाच्या वेळी तुमच्या प्रतिनिधीने कंपन्यांना एवढंच विचारावं, की रात्रीपुरती लाइन वाढवून देता का, आणि नाही म्हणाले तर अडलंय कार्डापाशी की रेटकार्डापाशी, ते छापावं.

आपला,
एक वाचक, ठाणे