वकट, लेंड, मुंड, नाल

आई, बाबा,

फोनवर हे सांगायला घेतलं की नेमका आईचा कुकर होतो, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबांनी अजून डोळ्यांना ताण द्यायचा नाहीये, तेव्हा आई तूच वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

परवा आमच्या इथे हैदराबादला खालच्या भाजीवालीकडे लिंबं घेत होते. ती एकेक लिंबू पिशवीत टाकत मोजत होती, ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू... तीन वर्षं झाली ऐकतेय हे, पण परवा काय झालं कुणास ठाऊक, चौथ्या लिंबाला माझ्या तोंडून एकदम "नाल!" निघालं आणि मी तिथेच उभी राहिले. बाबा, वकट, लेंड, मुंड, नाल! आपण विटीदांडू खेळताना गलीच्या खळग्यापासून विटीपर्यंत दांडूनं मोजत जायचो आणि मोजणी ज्या नावावर संपेल त्याप्रमाणे पुढचा टोला मारायचा, ते आकडे तेलुगू आहेत हो. लहानपणी मला वाटायचं हे खेळातलेच शब्द, त्यांना दुसरा काही अर्थच नाही. आमच्या वॉचमनकाकांना विचारलं तर ते म्हणाले आमच्याकडे याला कर्रा-बिल्ला म्हणतात, आणि हातानं टोला मारून पण दाखवला. इतकं घरचं वाटलं ना मला त्या क्षणी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग दिवसभर तुम्हीच डोळ्यासमोर. बाबा, तुम्ही ओट्यावर उकिडवे बसून विटी तासायचात ते. अर्धवट सुकलेली बाभळीची फांदी लागायची तुम्हाला, ओली चेचते आणि पार वाळलेली तडकते म्हणायचात. चार बोटं लांबीचा तुकडा, डाव्या हातानं फिरवत फिरवत कोयत्यानं दोन्ही टोकं निमुळती करायची, मग फरशीवर ठेवून टोकावर हलकेच टक् करून बघायचं, किती उडते. कमी उडली की परत दोन ढलप्या. दांडू फुटक्या काचेनं घासायचात, माझ्या हाताला कूस लागू नये म्हणून. शेजारचे आजोबा म्हणायचे पोरीच्या जातीला कशाला हे, आणि तुम्ही काहीच न बोलता घासत राहायचात. ते न बोलणं मला आता कळतंय.

आणि आई, मी झेल घ्यायला धावले आणि विटी भुवईवर बसली तो दिवस. तू हळद दाबलीस, एक अक्षर बोलली नाहीस, आणि संध्याकाळी माझा दांडू बंबात घातलास. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. डोळा थोडक्यात वाचला हे तेव्हा समजायचं वय नव्हतं माझं, आता माझा चिनू सायकलवरून पडला तरी माझे हातपाय गार पडतात तेव्हा समजतं. पण चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातून तुझाच आवाज आला, "अहो, तिला नवा करून द्या, विटीची टोकं तेवढी बोथट ठेवा." ती बोथट विटी उडायची जेमतेम वीतभर, सगळे भिडू कटकटायचे, तरी मी तीच खेळले सगळा उन्हाळा. हे तुला कधी सांगितलंच नाही मी.

चिनूला सगळं सांगितलं तर तो म्हणाला आई ऑनलाइन मागव ना. मिळतात म्हणे, रंगवलेल्या गुळगुळीत. मला नकोय ती. त्यानं ढलप्या पडताना बघायला पाहिजेत, आजोबांच्या शेजारी बसून, आणि गल पण त्यानंच खणायची.

दिवाळीत आठ दिवस येतोय. बांधावरच्या बाभळीची अंगठ्याहून जरा जाड अशी एक फांदी आत्ताच कुणाकडून तरी तोडून घ्या आणि सावलीत ठेवा, आम्ही येईपर्यंत बेताची सुकेल. बाबा, तुम्ही चढायचं नाही, आई लक्ष ठेव. कोयता मी धरीन, तुम्ही नुसतं बाजूला बसून कुठे किती तासायचं ते सांगा. आणि आई, टोकं किती बोथट ठेवायची ते तू ठरव.

तुमची
मनू