डेल मॉरिस दादा, तुझे आभार मानायचे राहिलेच होते

प्रिय डेल दादा,

२०१९ ला तू रिटायर झालास तेव्हा पेपरात, टीव्हीवर बऱ्याच जणांनी तुझ्याबद्दल लिहिलं, बोललं, आम्ही ते सगळं वाचलं, पण आमच्याकडून, म्हणजे तू ज्या वेस्टर्न बुलडॉग्ज या ऑस्ट्रेलियन फुटबॉल (फुटी) टीमकडून खेळलास तिच्या मेलबर्नच्या वेस्टमधे राहणाऱ्या मराठी फॅन्सकडून थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, वेरिबी या पट्ट्यात आता आमची मराठी घरं भरपूर आहेत. एएफएलमधे, म्हणजे फुटीच्या सगळ्यात मोठ्या लीगमधे, येण्याआधी तू ज्या वेरिबीच्या क्लबकडून खेळायचास तो आमच्यातल्या कितीतरी जणांच्या घराजवळचा क्लब आहे, त्यामुळे तू आम्हाला कायम आमच्या एरियातलाच वाटत आलायस, आणि म्हणूनच हे सरळ अरेतुरे, राग मानू नकोस.

ज्या मराठी वाचकांनी फुटी कधी बघितलेलीच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी लिहितो. एका टीमचे अठरा जण, मोठं लंबगोल मैदान, बॉलही लंबगोल, हेल्मेट नाही पॅड नाही, आणि गोल झाला की सहा पॉइंट. गोल मारणाऱ्या फॉरवर्डचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पोस्टर त्याचं, जाहिरात त्याची. डेल दादाचं काम बरोबर उलटं, त्या फॉरवर्डला दोन तास काहीही करू द्यायचं नाही. तो पळाला की पळायचं, तो बॉल पकडायला उडाला की मागून हात घालून मुठीने बॉल उडवून लावायचा, आणि हे इतक्या वेळा करायचं की शेवटी तो वैतागला पाहिजे. कबड्डी बघणाऱ्यांना हे लगेच कळेल, टाळ्या चढाईवाल्याला पडतात पण मॅच बऱ्याचदा कोपऱ्यात उभा राहून घोटा धरणारा काढून देतो.

हा खेळ समजायला लागला तेव्हा आम्ही बॉलच्या मागे डोळे फिरवायचं सोडून तुलाच बघायला लागलो, तुझी ३८ नंबरची गर्न्सी, म्हणजे जर्सी. बॉल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असतानाही तू तुझ्या माणसापासून हातभर अंतरावर, सारखा मान वळवून बघतोयस, बाजूच्या पोराला ओरडून सांगतोयस तू तिकडे जा. टीव्हीवर हे दिसतच नाही कारण कॅमेरा बॉलबरोबर जातो. स्टेडियममधे बसलं की कळतं तू किती पळायचास.

आणि तुझी सुरुवात कुठून झाली ते पण लिहायला पाहिजे. मेन ड्राफ्टमधे, म्हणजे क्लब नवीन खेळाडू निवडतात तिथे, तुझं नाव आलं नाही, बुलडॉग्जनी तुला रुकी लिस्टवर घेतलं, म्हणजे बघू जमतंय का, नाही जमलं तर जा घरी. २००५ ला पहिली मॅच खेळलास आणि २००८ ला ऑल-ऑस्ट्रेलियन टीममधे, म्हणजे अख्ख्या लीगमधून त्या वर्षी निवडलेल्या बेस्ट खेळाडूंमधे! तीन-चार वर्षांत हे करून दाखवलंस, तेही ज्या जागेवर गोल मारायला मिळत नाहीत त्या जागेवर खेळून. त्या वर्षांत टीम पण काय खेळत होती, २००८, २००९, २०१० सलग तीन वर्षं प्रिलिमिनरी फायनल, ग्रँड फायनलच्या एक पायरी खाली, आणि तिन्ही वेळा हार. २००९ ची तर सात पॉइंटने. त्या संध्याकाळबद्दल बुलडॉग्जचे जुने लोक आजही बोलायचं टाळतात. मग २०११ ला तुझा पाय मोडला, नडगीची हाडं गेली, वय अठ्ठावीस, तेव्हा हा आता परत येत नाही असं म्हणणारे खूप होते.

तू परत आलास म्हणून तर २०१६ झालं.

१ ऑक्टोबर २०१६, एमसीजी, जवळजवळ एक लाख लोक. फुटस्क्रेने (बुलडॉग्जचं जुनं नाव) शेवटची प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकली ती १९५४ ला, म्हणजे बासष्ट वर्षं झालेली, आणि मधे १९८९ ला तर क्लब बंद करून फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबबरोबर जोडायचं जवळपास ठरलेलं, वेस्टच्या सामान्य लोकांनी डबे घेऊन पैसे गोळा करून क्लब वाचवला. त्या लोकांची पोरं-नातवंडं त्या दिवशी स्टँडमधे होती. लीगमधे सातव्या नंबरवर राहिलेली आपली टीम, तिने फायनल्सच्या नॉकआउट मॅचेसमधे पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवलं, मग हॉथॉर्नला, मग सिडनीत जीडब्ल्यूएस या तिथल्या टीमला सहा पॉइंटने. आणि फायनलला समोर सिडनी स्वान्स, त्यांच्याकडे त्यांचा स्टार फॉरवर्ड बडी फ्रँकलिन.

शेवटचा क्वार्टर, थोडाच वेळ उरलेला, मॅच कुठेही जाऊ शकते, आणि बॉल फ्रँकलिनच्या हातात, तो वळला आणि तू मागून येऊन त्याला असा काही धरलास की बॉल सुटलाच. आपल्या टॉम बॉयडने तो उचलला आणि लांबून, खूपच लांबून किक मारली, बॉल टप्पा खात खात गोलमधून आत. आम्ही ती क्लिप किती वेळा बघितलीय सांगता येणार नाही. सगळे बॉयडचा गोल म्हणतात, असू दे, त्याने मारलाच भारी, पण आमच्या घरात तो गोल तुझा आहे. ८९-६७, बावीस पॉइंटने जिंकलो.

नंतर बातमी आली की त्या फायनल्स तू पाठीचे दोन मणके फ्रॅक्चर असताना खेळलास. वाचून आम्ही गप्पच झालो. ज्या पाठीने वाकायला पण त्रास होत असेल त्या पाठीने तू फ्रँकलिनला खाली आणलंस, आणि जिंकेपर्यंत कुणाला कळूही दिलं नाहीस. आमच्यातली एक ताई नर्स आहे, तिला हे अजिबात आवडलेलं नाही, ती म्हणते असं खेळूच नये कुणी. तिचं बरोबरच आहे. पण तीच दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन व्हिटन ओव्हलला, बुलडॉग्जच्या घरच्या मैदानावर, गेली होती, तिथे सगळं वेस्ट लोटलं होतं.

पुढे गुडघ्याने तुला सोडलं नाही. २०१८ ला त्रास, २०१९ च्या सुरुवातीला परत लिगामेंट, वय छत्तीस, आणि तरी त्याच सीझनमधे तू मैदानात! मग पुन्हा तोच गुडघा गेला आणि २५३ मॅचवर थांबलास. खरं सांगतो, त्या शेवटच्या वेळी आम्हाला वाईट वाटण्यापेक्षा काळजी जास्त वाटली, आता बास रे बाबा, पोरांबरोबर खेळायला तरी गुडघे ठेव असं झालेलं.

आता आमची मुलं इथे ज्युनियर फुटी खेळतात. मध्यंतरी आमच्यातल्या एका पोराला कोचने बॅकलाइनला, म्हणजे तुझ्यासारखं बचावाला, टाकलं तर तो गाडीत रडत बसला, मला गोल मारायचे होते. त्याच्या बाबांनी त्याला काही समजावलं नाही, घरी जाऊन तुझी ती पकड दाखवली आणि मग तुझ्या जुन्या मॅचेस शोधून दाखवल्या, तू बॉल कुठे येणार हे आधीच कसं ओळखतोस, उडी कधी मारतोस, मूठ कुठल्या बाजूला मारतोस. आता तो स्वतःहून कोचला सांगतो मला समोरचा सगळ्यात मोठा पोरगा दे. ३८ नंबरसाठी टीममधे भांडण झालं ते वेगळंच.

तर दादा, थँक्यू. मुठीने बॉल उडवून लावलेल्या प्रत्येक स्पॉइलसाठी, ज्या गोलची नोंद कुठेच नाही कारण तू तो होऊच दिला नाहीस त्या प्रत्येक गोलसाठी, आणि २०१६ साठी तर आयुष्यभर. तुझ्या घरच्यांनाही थँक्यू, एवढ्या दुखापती त्यांनीही काढल्या असतील. वेरिबीकडे कधी आलास तर हाक मार, जेवायलाच ये, तिखट कमी करू.

तुझे,
वेस्टमधले मराठी बुलडॉग्जवाले