रक्तात कॅन्डिडा सापडला की डोळ्यात बघा

अमळनेर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल ओपीडी भरली होती, म्हणून फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. तुमच्या आयसीयूतल्या मधुमेही बाईंच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) कॅन्डिडा ही बुरशी वाढली, डोळ्यांची तक्रार काही नाही, मग डोळ्याच्या डॉक्टरांना बोलवायचं का? बोलवायचं, आणि आजच. व्हेंटिलेटरवरच्या माणसाने तक्रार करायची तरी कशी?

यावर वाद आहे, हे खरं. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, अशा प्रत्येक रुग्णाचा डोळ्याचा पडदा उपचाराच्या पहिल्या आठवड्यात बाहुली मोठी करून बघा. तिथल्याच नेत्रतज्ज्ञांची अकादमी नंतर म्हणाली, लक्षणं नसतील तर सरसकट तपासणी नको, कारण एन्डॉफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आत पसरलेला संसर्ग, आता एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत सापडतो. आकडा मला मान्य आहे. पण ज्याला बोलता येत नाही, त्याचा विचार वेगळा करायला हवा. आणि आपल्याकडे शुद्धीवरचा माणूसही कुठे सांगतो? पोटाचं ऑपरेशन होऊन घरी गेलेला पारोळ्याकडचा एक शेतकरी माझ्याकडे आला, तो एका डोळ्याची नजर जवळजवळ गेल्यावर. "डोयासमोर धुकं शे, बाई." दवाखान्यात कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याला वाटलं अशक्तपणा असेल. कॅन्डिडाचा रिपोर्ट मात्र फाइलला नीट लावलेला. मला तेव्हा फार राग आला होता, अजूनही येतो.

आता बघायचं कसं, ते. बाहुली मोठी करणारे ट्रॉपिकामाइडचे थेंब टाकण्याआधी सिस्टरना सांगा आणि चार्टवर औषध, वेळ, कोणता डोळा, सगळं लिहा. नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर मोठ्या झालेल्या बाहुल्या बघून मेंदूत काही झालं म्हणून पेशंटला सीटीला पळवेल. बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं द्या. उघड्या राहिलेल्या पापण्यांमुळे बुबुळ कोरडं पडलेलं असतं. त्यावर सलाइन सोडत राहा, नाहीतर आतलं सगळंच धूसर दिसतं. पलंगाशी इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप (डोक्याला लावून पडदा बघायचं दिव्याचं यंत्र) आणि 20 डायॉप्टरचं भिंग पुरतं.

कॅन्डिडा रक्तातून येऊन आधी कोरॉइडमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात, अडकतो, तिथून पडद्यात शिरतो. दिसतो तो सायीच्या रंगाचा, पुसट कडांचा ठिपका. पुढे विट्रियसमध्ये, म्हणजे डोळ्यातल्या जेलीत, उतरला की बोंडातून सुटलेल्या कापसासारखे पुंजके तरंगतात. तुमच्या बाईंना मधुमेह आहे, त्यामुळे कॉटन वूल स्पॉट, म्हणजे मधुमेहाने पडद्यावर उठणारे पांढरट ठिपके, फसवू शकतात. शंका असेल तर काही दिवसांनी पुन्हा बघा. वाढतोय की विरतोय, यावरूनही कळतं. विट्रियसमधून सुईने घेतलेल्या नमुन्यात पुष्कळदा काही वाढत नाही, विट्रेक्टॉमीच्या (ही जेली काढायच्या ऑपरेशनच्या) नमुन्यात सापडण्याची शक्यता जास्त. पण रक्तात कॅन्डिडा आणि डोळ्यात असा ठिपका, एवढं जुळलं की त्या नमुन्यासाठी उपचार अडवू नका.

केमो चालू असलेल्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी पडलेल्या असतील तर डोळ्यात फारसं दिसत नाही. पेशी वर आल्या की त्यांना पुन्हा बघायचंच.

तुमचे सर विचारतील, डोळा बघून काय फरक पडणार? औषधच बदलतं ना! कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन ही बुरशीवरची औषधं विट्रियसमध्ये नीट पोचत नाहीत. फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल पोचतात. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणत्या औषधाने ही बुरशी मरते, ते बघून ठरवा. नुसत्या रक्तातल्या संसर्गाला कल्चर निगेटिव्ह आल्यापासून 14 दिवस उपचार, डोळ्यात असेल तर निदान 4 ते 6 आठवडे. विट्रियस गढुळलं किंवा ठिपका मॅक्युलाजवळ (पडद्याच्या मधल्या, नेमकी नजर देणाऱ्या भागाजवळ) असला तर डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, कधी विट्रेक्टॉमीही. तेव्हा रेटिनावाल्यांना, म्हणजे पडद्याच्या डॉक्टरांना, त्याच दिवशी गाठ.

फंडसचा (डोळ्याच्या आतल्या मागच्या भागाचा) फोटो निघाला तर बाईंचं नाव-नंबर झाकून मला पाठव. रात्री अकरापर्यंत मी जागीच असते.

तुझी,
आई