मोठे इंजिन, जुनी मागची फळी

महोदय,

घरी बांधलेल्या उथळ पाण्याच्या होडीला मोठे आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगायचे इंजिन) लावणारे आधी अश्वशक्ती पाहतात. पाहायला हवे वजन. १५ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक सुमारे ५० किलो, ३० चे ७५ च्या आसपास. या वजनाने मागची बाजू पाण्यात खाली बसते, लाट आत येते. बॅटरी आणि इंधनटाकी पुढे न्या.

इंजिन जिला टांगतात ती मागची फळी १८ मिमी प्लायची असेल, तर आतून तेवढाच थर इपॉक्सीने चिकटवा. मात्र इंजिनाची ढकल होडीच्या तळापर्यंत पोचवणारे कोनी आधार नसतील, तर जाड फळीही सांध्यातून उखडते. बोल्टची भोके मोठी पाडून इपॉक्सीने भरा, मगच बोल्टच्या मापाची पुन्हा पाडा. नाहीतर प्लाय आतून कुजते. इंजिनाची प्रॉपेलरच्या वर असलेली आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत हवी.

– एक वाचक